नानांची घोंगडी

मार्गशीर्ष उतरणीला लागला की आमच्या रानाला एक आंबूस, हिरवा वास सुटतो. तुरीच्या शेंगा टचटचीत भरलेल्या असतात, ज्वारी निसवायला आलेली असते आणि हरभऱ्यातून चालत गेलं की नडग्यांना पानांवरची आंब लागून चुणचुणतं. केजच्या कॉलेजात शिकवून मी संध्याकाळी बसनं परतते, नांदूरघाटाच्या अलीकडं फाट्यावर उतरते आणि वाडीपर्यंत चालते. त्या वाटेवर हा वास नाकात शिरला की कळतं, येळवस आली. कॅलेंडरवर तिला वेळा अमावस्या म्हणतात. आमच्या तोंडात ते नाव काही बसत नाही.

ज्यांच्याकडं ही नसते त्यांना सांगायला हवं. त्या दिवशी गावात कोणी थांबत नाही. घरांना कड्या घालून सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग ओल्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो, रस्ता चुकलेला असो नाहीतर वीजमीटर बघायला आलेला असो, त्याला जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. आणि ऊन कलायच्या आधी घरातल्या एकानं डोक्यावरून घोंगडी पांघरायची, आंबिलीचं मडकं कडेवर घ्यायचं आणि पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. बाकीच्यांनी त्याच्यामागं ओरडत पळायचं.

आमच्या घरात ही फेरी नानांची होती. नाना म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. लग्न केलं नाही. तरुणपणी बैलानं पाय तुडवला तेव्हापासून डावा पाय किंचित ओढत चालायचे, पण येळवशीला घोंगडी अंगावर आली की त्यांना आवरायला दोन माणसं लागायची. उगाच पोरांच्या अंगावर धावून जायचे, आंबील बायकांच्या पदरावर उडवायचे, आणि वर आम्हालाच दरडावायचे, “देवाचं काम चालू हाय, हासू नका!”

यंदा दिवाळी उरकली आणि अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, सावरतील, पण दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. आणि माझा धाकटा भाऊ सुदर्शन, जो आयर्लंडमध्ये वर्षभराच्या शिक्षणासाठी गेलाय, त्याला यातलं काहीही माहीत नाही. आई त्याला अण्णांची डावी बाजू दाखवते आणि म्हणते, आवाज बसलाय त्यांचा, थंडी लई हाय यंदा.

त्यात येळवशीच्या आधी दोन दिवस आई चुलीपुढं तुरीचे दाणे सोलता सोलता म्हणाली, “सुदर्शन म्हनत होता, अण्णाची फेरी बघायची हाय. तू घाल घोंगडी. उंचीला तू त्यांच्याएवढीच हायेस. फोन मी लांबून धरते. काय कळतंय त्याला?”

“आई, पुन्हा तेच?”

“मंग काय करू? पेपर हायेत त्याचे. ऐकून काय करणार हाय तितं ते लेकरू?”

हेच वाक्य तिनं काही वर्षांपूर्वी माझ्याबद्दल म्हटलं असणार, याच चुलीपुढं, याच सुरात.

तेव्हा मी नेदरलँड्समध्ये होते. पाण्याच्या नियोजनाचं शिकायला गेले होते. उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळालेली मी, आणि तिथं मला शिकवत होते की जमिनीत साठलेलं पाणी बाहेर कसं फेकायचं! पहिल्या आठवड्यात सरांनी नकाशावर दाखवलं की आपण बसलोय तो भाग समुद्राच्या पातळीखाली आहे, आणि पंप बंद पडले तर सगळं भरून येईल. मला हसू फुटलं. आमच्याकडं पंप बंद पडला तर सगळं वाळून जातं, असं मी सांगितल्यावर वर्गातली पोरं फार सहानुभूतीनं माझ्याकडं बघायला लागली. ती सहानुभूती मला पावसापेक्षाही जास्त बोचायची.

पाऊस तिथं वरून नाही, बाजूनं पडतो. दुपारी चारलाच अंधारून येतं. जेवण म्हणजे थंड पाव, आणि मोठमोठी माणसं त्या पावावर चॉकलेटचे दाणे भुरभुरून गंभीर चेहऱ्यानं खातात. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. एकच. डबा उघडतात, तुम्ही एक उचलता, झाकण लागतं. पहिल्यांदा मी कुणाकडं गेले तेव्हा सहा वाजत आले आणि घरातल्या बाईंनी हसतमुखानं सांगितलं, आता आमची जेवायची वेळ झाली, पुन्हा भेटू. मी सायकल घेऊन बाहेर आले आणि मला रडायलाच आलं. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. पण जेवायच्या वेळेला माणसाला दाराबाहेर काढतात हे माझ्या डोक्यात कसं शिरणार?

तरी एक गोष्ट मला त्या लोकांची आवडू लागली होती, ती म्हणजे त्यांच्या खिडक्या. रस्त्यावरच्या खोल्यांना ही मोठी काचेची तावदानं, आणि पडदे उघडे. आत दिवा लागलेला, माणसं जेवतायत, कुणी पेपर वाचतंय, कुणी भांडतंय, सगळं सायकलवरून जाताना दिसायचं. बोलणंही तसंच उघडं. माझ्या वर्गातल्या एकानं मला तोंडावर सांगितलं की तुझं सादरीकरण कंटाळवाणं होतं. त्यानंतर आम्ही एकत्र कॉफी प्यायलो. आमच्या गावात एवढ्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

माझ्या शेजारच्या खोलीत फेम्के नावाची मुलगी राहायची. उंच, लालसर गालांची, सतत घाईत. एके दिवशी स्वयंपाकघरात पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली, “गुरुवारी माझे आजोबा मरणार आहेत. मी उद्या घरी जातेय.”

“गुरुवारी म्हणजे?” मी विचारलं. तिनं नीट समजावून सांगितलं. आजोबांचं दुखणं बरं होण्यातलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं, तिथल्या कायद्याप्रमाणं डॉक्टर येणार होते. आधी सगळी नातवंडं भेटणार, आजी वाटाण्याचं सूप करणार. ती जाऊन आली. आजोबांची लोकरीची टोपी घालून आली. सूप खारट झालं होतं म्हणून आजोबांनी आजीला चिडवलं, असं सांगताना ती हसली आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि मलाही रडू आवरेना. कोण कुठले आजोबा! पण सगळ्यांनी सगळं माहीत असताना एका टेबलाभोवती बसायचं, हे मला भयंकरही वाटलं आणि हेवा वाटण्यासारखंही.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी आईला ते सगळं सांगितलं. म्हणाले, आई, इथं माणसाला जायच्या आधी सगळे भेटून येतात. काही लपवत नाहीत. आई म्हणाली, “जेवलीस का तू?”

नाना तेव्हा कुठं आहेत, असंही मी विचारलं होतं. कारण नानांशी बोलणं हा माझा त्या थंडीतला एकमेव विरंगुळा होता. त्यांना समोर बघून बोलायचा फोन कधीच कळला नाही. सुदर्शननं कितीदा शिकवलं, पण फोन हातात आला की नाना तो कानालाच लावायचे. मला पडद्यावर दिसायचा त्यांचा भला मोठा कान, कानातले पांढरे केस आणि मागं पत्र्याचा तुकडा. त्या कानाशी मी अर्धा अर्धा तास बोलायचे. “माय, तितं ऊन पडतं का गं?” एवढं ते दर वेळी विचारायचे. पडलं नाही म्हटलं की हळहळायचे.

“नाना रानात गेलेत,” आई म्हणाली. त्या आठवड्यात नाना सारखे रानातच होते.

येळवस आली तेव्हा परीक्षा अगदी तोंडावर होत्या. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. सुरिनाममधून आलेल्या एका भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या दुकानात बेसन मिळालं, गोठवलेले वाटाणे, बरणीतले हरभरे, चुक्याच्या ऐवजी पालक आणि लिंबू. ताक तर तिथं कागदी खोक्यात मिळतं. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ त्यात शिजवून आंबील केली. आणि मजल्यावरच्या प्रत्येकाच्या दारावर टकटक करून सांगितलं, आज दुपारी जेवायला या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच पसरली. कोणत्या निमित्तानं, किती जण आहेत, येताना काय आणायचं, किती वाजता संपेल? एकानं फोन काढून बघितलं आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात मला जमेल. मी म्हटलं, अरे बाबा, पुढच्या महिन्यात अमावस्या दुसरी असते! तरी पाचसहा जण आले. फेम्के आजोबांची टोपी घालून आली.

तेवढ्यात घरून फोन. सुदर्शन तेव्हा बारावीला होता, फोन त्याच्या हातात. खोप दिसली, ज्वारी दिसली, उन्हानं पडदा पांढरा झाला. आईनं लांबून हात केला. मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते, हे आमचं शेत. मनात एकदा आलं की खोपीच्या डाव्या हाताला आमची विहीर असते, ती कुठं दिसत नाही, आणि ही बाभळ कुठली? पण सुदर्शननं फोन भलतीकडं वळवला असेल म्हणून सोडून दिलं. मग ज्वारीच्या कडेनं घोंगडी पांघरलेली आकृती निघाली, कडेवर मडकं घेऊन, डावा पाय ओढत.

“नाना!” मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातली सगळी दचकली. घोंगडीतून एक हात वर आला.

“कोण आहे ते?” फेम्केनं विचारलं.

“माझे काका.”

“तुला कसं कळलं? तोंड तर दिसत नाही.”

“त्यांची चाल मी जगात कुठंही ओळखेन,” मी म्हणाले. फार अभिमानानं म्हणाले.

परीक्षा चांगल्या गेल्या. नंतर प्रबंध होता, म्हणून नाना रानात, नाना आत्याकडं, नानांच्या कानाला कमी ऐकू येतंय. मी चिडायचे, पण विश्वास ठेवायचे. वर्ष संपवून घरी आले, आणि दारातून आत पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर नानांचा फोटो, फोटोला वाळलेला हार.

त्या संध्याकाळी मी अण्णांना नको नको ते बोलले. येळवशीच्या आठवडाभर आधीच नाना गेले होते. झोपेतच. सुतकात येळवस करता येत नाही, म्हणून ती खोप आमची नव्हती, शेजारच्या भागवतकाकांची होती. सगळ्या वाडीला माहीत होतं आणि कुणीही तोंड उघडलं नव्हतं. घोंगडी नानांची होती. तिच्याखाली अण्णा होते. जो माणूस कधी मोठ्यानं हसला नाही, गावच्या बैठकीत ताठ बसतो, तो भावाला अग्नी देऊन आठवडा झाला नाही तोवर भावासारखा पाय ओढत दुसऱ्याच्या रानात फिरला होता. सुतक होतं म्हणून आंबिलीला हात लावला नव्हता. मडकं रिकामं होतं.

“मला सांगितलं कावून न्हाई?” मी विचारलं होतं.

अण्णा खाली बघत म्हणाले, “इतं आमी एकमेकाच्या गळ्यात पडून रडलो. तू तितं कुणाच्या गळ्यात पडली असतीस?”

फेम्केच्या, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांना फेम्के कोण ते माहीत नव्हतं.

या गोष्टीचा मला अजून निकाल लावता आलेला नाही. मला फसवलं गेलं, हे खरं. माझ्याच माणसाचं मरण मला उष्टं मिळालं, सगळ्यांचं रडून झाल्यावर. मी एकटीच ताजी रडत होते आणि बाकीचे मला समजावत होते. मला त्याचा राग आहे. पण तेव्हा कळलं असतं तर मी परीक्षेला बसले असते का? नसते बसले. आज कॉलेजात जी खुर्ची आहे ती त्या रिकाम्या मडक्यानं मला दिली, हेही तितकंच खरं. उघड्या खिडक्यांच्या त्या देशात मला हेवा वाटला होता, पण त्यांच्या खिडकीतून दिसणारी माणसं आपापल्या टेबलाशी बसलेली असतात, बाहेरच्याला कुणी हाक मारत नाही. आमची माणसं रस्त्यावरच्या परक्याला ओढून जेवायला बसवतात आणि घरच्या पोरीला मरण सांगत नाहीत. दोन्हीकडं माया आहे. कुणाची जास्त, ते मला विचारू नका.

नाना गेल्यापासून फेरी अण्णा मारायचे, स्वतःच्या ताठ चालीनं. यंदा ते जमणार नव्हतं. मी त्यांनाच विचारलं. बाजेवर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “अण्णा, सुदर्शनला सांगू का?” त्यांनी डावा हात हलवला. मोठ्या कष्टानं म्हणाले, “नगं. प्... पेपर.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांना पुसताही येत नव्हतं. मी पुसलं.

मी आईला होकार दिला. पण एक गोष्ट तिला सुचली नव्हती आणि मला सुचली होती. त्या वर्षी फोन सुदर्शनच्या हातात होता. ती सोंगाची फेरी त्यानंच मला फोन धरून दाखवली होती. त्याला घोंगडीखालचं सगळं ठाऊक होतं. मी तोंडानं काही सांगणार नव्हते, अण्णांचा शब्द मोडणार नव्हते. फक्त चालणार होते.

काल येळवस झाली. अण्णांना जीपमधून रानात आणलं आणि खोपीमागं, फोनला दिसणार नाही अशा बेतानं, लिंबाखाली बाजेवर बसवलं. भज्जी यंदा चांगली झाली होती. दुपार कलायला आली तसा फोन वाजला. आई फोन घेऊन लांब बांधावर गेली. मी नानांची घोंगडी डोक्यावरून घेतली. आत लोकरीचा, धुराचा आणि जुन्या घामाचा वास होता. स्वतःचे पाय तेवढे दिसत होते. या अंधारात अण्णा एकदा नाना होऊन चालले होते.

मडकं यंदा भरलेलं होतं. आंबील शिंपडत मी ज्वारीच्या कडेनं निघाले. मागं भागवतकाकांची नातवंडं ओरडत होती. वाट बांधाजवळून वळली तसा फोनमधून सुदर्शनचा आवाज यायला लागला, “अण्णा, जरा हळू! सांडंल की!” तो हसत होता. मी तशीच दहावीस पावलं गेले. मग डावा पाय ओढायला लागले.

हसणं थांबलं.

“आई,” सुदर्शन म्हणाला, “घोंगडी काढायला सांग.”

“आरं, फेरी व्हायचीय अजून. मदी कशी काढायची?”

“काढायला सांग म्हणलं ना!”

मी थांबले. घोंगडी खांद्यावर घेतली. ऊन एकदम डोळ्यांत शिरलं. आईनं फोन छातीशी धरला होता, आणि तिच्या पदरातून त्याचा आवाज येत होता, अगदी लहान झालेला.

“ताई, अण्णा हायेत ना?”

हे मात्र मला सुचलं नव्हतं. त्याला खरं कळावं एवढंच मी बघितलं होतं. आमच्या घरात या घोंगडीनं एकदाच काहीतरी लपवलं होतं, आणि ते मरण होतं. मी त्याला दुखणं सांगायला गेले आणि त्याला तिकडं, एकट्याला, तेच मरण दिसलं.

मडकं मी तिथंच ज्वारीत टेकवलं, आईच्या हातून फोन ओढला आणि धावत सुटले. “हायेत रे, हायेत, थांब,” म्हणत होते, पण धाप लागून शब्द फुटत होते का कुणास ठाऊक. लिंबाखाली जाऊन फोन अण्णांपुढं धरला. वाकडं तोंड, लुळा उजवा हात, सगळं. तिकडून सुदर्शनच्या रडण्याचा आवाज येत होता, तोही तोंड दाबून.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या घोंगडीकडं. त्यांना कळलं. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडून फोन घेतला आणि पोराचं रडणं नीट ऐकू यावं म्हणून कानाला लावला.

“हाय रं,” ते म्हणाले. “हाय मी.”

तिकडं सुदर्शनला अण्णांचा नुसता कान दिसत असणार. मी फोन सरळ करायला हात पुढं केला, आणि मागं घेतला.